कॅमेरा घ्यायचाय पण बजेट कमी आहे

प्रश्न: मुलीला पक्ष्यांचे फोटो काढायची आवड लागलीये, नवीन कॅमेरे बघितले तर किंमत ऐकूनच परत आलो. जुना घेतला तर फसवणूक तर होणार नाही ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर: दादा, जुना बिनधास्त घ्या, फक्त बघून घ्या. सगळे आता मिररलेसकडे (आत आरसा नसलेले नवे कॅमेरे) वळलेत त्यामुळे चांगले डीएसएलआर (आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे) सेकंडहँडमध्ये बरेच स्वस्त मिळतात, आणि शिकणाऱ्या मुलीला त्यात काहीच कमी पडणार नाही. मुंबईला येणं झालं तर सीएसएमटीजवळ बोरा बाजारात चक्कर मारा, कॅमेऱ्यांची चार दुकानं फिरल्याशिवाय पैसे काढू नका. आणि शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, विचाराच. निकॉन डी७२०० चं शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, म्हणजे तीस-चाळीस हजार क्लिक झाले असतील तर भरपूर आयुष्य बाकी आहे. निकॉनच्या मूळ फोटो फाइलमध्येच हा आकडा असतो, कॅननच्या फाइलमध्ये सहसा नसतो.

एक चूक खूप जण करतात, सगळे पैसे बॉडीवर (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घालतात. पक्ष्यांसाठी लेन्स महत्त्वाची, म्हणून बॉडी साधी आणि ७०-३०० मिमीसारखी लांबचं जवळ दाखवणारी झूम लेन्स घ्या, तीही जुनी चालेल, फक्त टॉर्च मारून आत बुरशी नाही ना बघा, आपल्याकडे पावसाळ्यात ती हमखास धरते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० सिरीजच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यावर जुन्या एएफ-डी लेन्स (ज्यांच्यात स्वतःची मोटर नसते) हातानेच फोकस कराव्या लागतात, स्वस्त दिसली म्हणून उचलू नका. आणि बिलाशिवाय नवा कॅमेरा कुणी देत असेल तर नकोच.