मिलिशिया म्हणजे शिबंदी का?

प्रश्न असा आहे. उत्तर आयर्लंडवरच्या एका इंग्रजी मजकुरात अल्स्टर डिफेन्स रेजिमेंटचं वर्णन ‘पार्ट-टाइम मिलिशिया, १९९२ मध्ये डिसबँड’ असं आलं आहे. अनुवाद करणाऱ्याने ‘अर्धवेळ शिबंदी, १९९२ मध्ये बरखास्त’ असं लिहिलं, तर ते बरोबर होईल का?

शिबंदी हा फार देखणा शब्द आहे आणि तो पुन्हा वापरात यावा असं मलाही वाटतं, पण इथे तो बसत नाही. मूळ फारसी ‘सिहबंदी’. सिह म्हणजे तीन, आणि दर तीन महिन्यांनी पगार मिळणारे ते शिबंदी असा त्याचा अर्थ लावतात. किल्ल्यावर पाचशेची शिबंदी होती असं आपण वाचतो, तेव्हा गडावर राहून पहारा करणारी, वेळप्रसंगी वसुलीलाही जाणारी पगारी माणसं डोळ्यांपुढे येतात. इंग्रजांनी हा शब्द उचलून ‘सेबंडी’ केला. दार्जिलिंगचे रस्ते बांधायला डोंगरी लोकांची जी तुकडी उभी केली, तिचंही नाव सेबंडीच. म्हणजे शिबंदीचा माणूस नोकरीच्या जागी मुक्कामाला असतो.

मिलिशियाचा माणूस घरी झोपतो. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. इंग्लंडमध्ये १७५७ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला माणसांचा आकडा ठरवून दिला. चिठ्ठी निघेल त्याने ठरलेल्या दिवसांची कवायत करायची आणि परत आपल्या शेतावर, दुकानावर जायचं. चिठ्ठीची सक्ती होती, म्हणून त्या काळच्या मिलिशियाला ‘स्वयंसेवक दल’ही म्हणता येत नाही. राजीखुशीची भरती १८५२ नंतरची.

अल्स्टर डिफेन्स रेजिमेंटला हे जुनं नाव का चिकटलं, ते तिच्या घडणीवरून कळतं. १९६९ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस व्यवस्थेची पाहणी करणाऱ्या हंट समितीने ‘बी स्पेशल्स’ हे प्रामुख्याने प्रोटेस्टंटांचं अर्धवेळ सहायक पोलीस दल मोडायची शिफारस केली. त्याच्या जागी ही रेजिमेंट उभी राहिली आणि १ एप्रिल १९७० ला कामाला लागली. ती ब्रिटिश सैन्याचा भाग होती. सुरुवातीला सात पलटणी (बटालियन) होत्या, नावं बहुतेक काउंटींची : अँट्रिम, अर्मा, डाउन, फर्मानाह, टायरोन वगैरे. १९७२ पर्यंत अकरा झाल्या. १९७३ पासून स्त्रियाही आल्या. रेडिओवरच्या सांकेतिक नावावरून त्यांना ‘ग्रीनफिंच’ म्हणत. सुरुवातीला सुमारे १८ टक्के सैनिक कॅथलिक होते, ते प्रमाण पुढे ३ टक्क्यांपर्यंत घसरलं.

तरीही अनुवादात मी ‘मिलिशिया’ ठेवणार नाही. मराठी वाचकाला हा शब्द लेबनॉन-इराकच्या बातम्यांतून भेटला आहे आणि तिथे त्याचा अर्थ सरकारबाहेरचा सशस्त्र गट. उत्तर आयर्लंडमध्ये तसे गट खरोखरच होते, त्यामुळे घोळ आणखी वाढेल. या रेजिमेंटमधल्या काहींचे त्या गटांशी लागेबांधे होते. १९७५ मध्ये मायामी शोबँड या वाद्यवृंदावर झालेल्या हल्ल्यातल्या हत्याकांडात दोषी ठरलेल्यांत तिचे सैनिक होते. ते स्पष्ट लिहावंच, पण वाक्यात लिहावं. एका शब्दाने सगळी रेजिमेंट बेकायदा ठरवू नये.

‘अर्धवेळ’ मात्र मला फार खटकतो. मराठीत अर्धवेळ म्हटलं की शिकवणी किंवा दुकानातली संध्याकाळची नोकरी आठवते. हे लोक दिवसा शेती करत, बस चालवत, टपाल वाटत आणि रात्री गस्तीला जात. रेजिमेंटच्या नोकरीत असलेले १९७ सैनिक मारले गेले. त्यांतले बहुतेक त्या वेळी कामावर नव्हते. कुणी घराच्या दारात, कुणी शेतावर. गणवेश उतरवला तरी धोका उतरत नव्हता, तिथे ‘अर्धवेळ’ कसं म्हणायचं? ‘आपापला कामधंदा सांभाळून सेवा करणारे’ हे लांब आहे, पण खरं आहे. आपल्याकडे प्रादेशिक सेनेची (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे टीए) कल्पना हीच. कोल्हापुरात टीए बटालियन म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नेमकं तेच नाव दिलं तर ती भारतीय संस्था वाटेल, म्हणून ‘स्थानिक राखीव पायदळ’ म्हणावं.

आता ‘बरखास्त’. फारसीत अर्थ उठणं, म्हणून दरबार बरखास्त होतो. आज सरकार बरखास्त होतं आणि त्यात शिक्षेचा वास येतो. सैन्यापुरता आपला अस्सल शब्द ‘पलटण मोडणे’. १९१७ साली उभी केलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली, तिथे तो चपखल बसतो. अल्स्टरची रेजिमेंट मात्र १ जुलै १९९२ ला रॉयल आयरिश रेंजर्सबरोबर एकत्र होऊन रॉयल आयरिश रेजिमेंट झाली. तिच्या पलटणी नव्या नावाने चालू राहिल्या आणि २००७ मध्ये मोडल्या. तेव्हा १९९२ ला ‘विलीन’ आणि २००७ ला ‘मोडल्या’.

मी वाक्य असं करीन : ‘आपापला कामधंदा सांभाळून सेवा करणाऱ्यांचं हे स्थानिक राखीव पायदळ १९७० मध्ये उभं राहिलं आणि १९९२ मध्ये रॉयल आयरिश रेजिमेंटमध्ये विलीन झालं.’ ‘रेजिमेंट’ला पलटण करू नका. एका रेजिमेंटमध्ये अकरा पलटणी होत्या, तो हिशेब चुकेल.