मामाच्या गावीही पानठेला आहे

"मॅडम, याले याच्या मामाकडं धाडून देऊ का? तिथं संगत तरी सुधरन."

धानाच्या रोवणीचे दिवस होते. बाई अर्धी मजुरी बुडवून बांधीतून सरळ शाळेत आली होती. पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. मुलगा व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा, नजर फरशीवर. आठवीतला. नाव लिहीत नाही, काही तपशीलही बदललेत. आपण त्याला बारक्या म्हणू.

तक्रार दोन ओळींची होती. मधल्या सुट्टीत याने दहावीतल्या एका मुलाच्या डोक्यात दगड घातला, तीन टाके पडले. दप्तर तपासलं तर कंपासपेटीत खर्र्याची पन्नी निघाली. गुरुजींच्या लेखी प्रकरण सरळ होतं: पोट्टा व्यसनी आहे, म्हणून मारकुटा झाला.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना. ठेल्यावर, म्हणजे पानटपरीवर, पन्नीत म्हणजे प्लास्टिकच्या कागदात घालून घासून घासून घोटतात आणि पन्नीला गाठ मारून हातात देतात. घोटलेली पन्नी गरम असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात पाहुण्याला चहाआधी खर्रा विचारतात. लग्नात असतो, मयतीलाही असतो. दारूवर आमच्याकडे रान उठतं. चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी झाली, २०२१ मध्ये उठली, दोन्ही वेळा माणसं हिरिरीने भांडली. ती भांडत असताना त्यांच्या गालात काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

"संगतीने बिघडला" हे वाक्य मी आठवड्याला दोनदा तरी ऐकते. आणि पाठोपाठ गाव बदलायचा, शाळा बदलायचा किंवा आश्रमशाळेत टाकायचा उपाय येतो. बाईला मी एवढंच विचारलं, "मामाच्या गावी पानठेला आहे का?"

तिने थोडा विचार केला. "दोन हायेत."

बारक्या पहिल्या दोन भेटींत बोलला नाही. मीही फार खोदलं नाही. अशा मुलाला "का मारलंस?" विचारलं की तो एकच उत्तर देतो, "असंच." तिसऱ्या वेळी मी दगडाचं नावच काढलं नाही. म्हटलं, पहिला खर्रा कुणाचा खाल्लास?

"बाबाचा."

बाप रोज संध्याकाळी त्याला ठेल्यावर पाठवायचा. पैसे नाहीत, वहीत लिहून ठेवायचं. आणता आणता सहावीत असताना चिमूटभर चाखला. डोकं गरगरलं, ओकारी झाली. आठ दिवसांनी पुन्हा चाखला, तेव्हा काही झालं नाही.

मोठ्या पोरांना हा हवा होता तो या वहीसाठी. त्यांना ठेलेवाला रोख मागायचा आणि बारक्याला बापाच्या नावावर न विचारता द्यायचा. म्हणून तिघांनी त्याला आपल्यात घेतलं. क्रिकेटमध्ये आधी बॅटिंग दिली, नहरावर म्हणजे कालव्यावर पोहायला नेलं. आठवीतल्या किडकिडीत पोराला दहावीवाले "आपला माणूस हाये बे" म्हणतात, ही काय चीज असते ते आपण मोठे विसरतो. बदल्यात दिवसाला दोन खर्रे. महिनाअखेरीला बापाने वही पाहिली आणि पोराला बडवला.

दुसऱ्या दिवशी बारक्याने त्या तिघांना नाही म्हटलं.

"तुमीच सांगतलं होतं ना मॅडम. शपथेच्या दिवशी. नाई म्हना. म्हटलं मी नाई."

मग? सायकलची हवा सोडली. नहराच्या पुलावर थोबाडीत मारल्या. "पोट्टी हायेस का बे" म्हणून वर्गासमोर चिडवलं. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी त्याने दगड उचलला, आणि शाळेला दिसला तो फक्त चौथा दिवस.

त्या शपथेबद्दल सांगायला हवं, कारण ती माझी होती. २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिवस. आमच्याकडे उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, म्हणून आम्ही तो जुलैत उरकतो. मी तक्ते लावले, कर्करोगाची चित्रं दाखवली, दोनशे मुलांकडून हात पुढे करून घेतले. शपथ सांगायला दहावीतला एक चुणचुणीत मुलगा उभा केला होता. पुढे ज्याला टाके पडले, तोच. तो जरा बोबडं बोलत होता. मला वाटलं, माईक खराब आहे.

"त्याच्या गालात होता मॅडम," बारक्या म्हणाला. "सगळ्याइले माहीत होतं."

ही चूक माझ्या एकटीची नाही, एवढंच समाधान. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी शाळांत जाऊन मुलांना व्यसनाला आणि हिंसेला नकार द्यायला शिकवणारा 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू केला. तो देशभर पसरला. पुढे अभ्यासकांनी तपासलं, तर त्या मूळ पाठांमुळे मुलांच्या व्यसनात फारसा फरक पडलेला दिसला नाही. २००९ च्या सुमारास डेअरवाल्यांनी पाठच बदलले, भाषण कमी केलं आणि मुलांकडून सराव करून घेण्यावर भर दिला. हे मी वाचलेलं होतं. तरी शपथ घेतली, कारण शपथेला वीस मिनिटं लागतात आणि तिचा फोटो निघतो.

मग सराव सुरू केला. दर शनिवारी, आठवीच्या वर्गात. हा झाडीपट्टीचा मुलूख आहे, दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. नाटक म्हटलं की इथल्या पोरांना वेगळं समजवावं लागत नाही. पहिल्या दिवशी एकाला खर्रा देणारा केलं, एकाला नाकारणारा. नाकारणारा ताठ उभा राहून म्हणाला, "नको मित्रा, तंबाखू आरोग्यास घातक आहे." वर्ग बाकांवरून पडला. मीही हसले. असं वाक्य नहराच्या पुलावर बोललं तर आणखी दोन थोबाडीत बसतील.

तेव्हा मी वाक्यं देणं बंद केलं आणि त्यांनाच विचारलं. फळा भरला. "तोंड आलं ना बे, जळजळ होऊन राह्यली." "उद्या मॅच हाये, दम लागते." "तूच खा ना, मले काहून जबरदस्ती?" एक मुलगी म्हणाली, काही बोलायचंच कशाला, सायकल काढायची आणि जायचं. मुली या खेळात मुलांपेक्षा तरबेज निघाल्या. नको त्या माणसाला टाळून घरी पोचायचा सराव त्यांना आधीपासून असतो, याचं मला कौतुक वाटलं आणि वाईटही.

बारक्याला मी मुद्दाम देणाऱ्याची भूमिका दिली. त्याने ती इतकी चोख केली की वर्ग गप्प झाला. आधी गळ्यात हात, मग "आपला माणूस", मग हसत हसत कान पिळणं. करता करता तो थांबला. "मॅडम, हा आधी लाड करते," म्हणाला, आणि जागेवर जाऊन बसला.

पण नाही म्हटल्यानंतर काय, हा प्रश्न उरतोच. मार खायची वेळ आली तर वाक्य कामाला येत नाही. पुलावरून एकट्याने जायचं नाही, तिघांनी मिळून वरच्या रस्त्याने जायचं, हे ठरलं. कुणी अडवलं तर त्याच दिवशी विज्ञानाच्या बाईंना सांगायचं. "ही चुगली नाई का?" एकाने विचारलं. यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी त्यांनीच ठरवलं: कुणाला मार बसावा म्हणून सांगितलं तर चुगली, कुणाचा मार थांबावा म्हणून सांगितलं तर नाही.

सवय सुटायचं काम त्यामानाने सोपं गेलं. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड, डोकं जड, झोप नाही. तल्लफ येते तेव्हा ती कायम राहील असं वाटतं, पण काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरते खिशात फुटाणे. तीन-चार आठवड्यांत बराच मोकळा झाला. मधे पोळ्याला एकदा खाल्ला, स्वतः येऊन सांगितलं. मी रागावले नाही. कुठे, कोणासोबत, एवढं विचारलं आणि पुढचं ठरवलं. १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडवणारा मोफत फोन आहे, तो मी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला होता. मुलावर मारहाण होत असेल तर १०९८ हाही लिहून ठेवावा.

ठेल्याचं थोडक्यात सांगते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. अठराच्या आतल्या मुलाला कुठेच विकता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शाळा समितीने टेप लावला, सरपंचांनी समज दिली. ठेला वळणापलीकडे गेला, बंद झाला नाही. मुलांच्या हाती उधारीवर देणं मात्र थांबलं.

आणि तो टाके पडलेला मुलगा. त्याला सगळ्यांनी खलनायक करून टाकलं होतं. मी त्याला बोलावलं आणि म्हटलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. ही साधी तपासणी आहे. बारक्याची तिन्ही गेली होती. याची दोन जेमतेम गेली. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होऊन जबडा आखडत जातो. आखडलेलं सहसा आपोआप मोकळं होत नाही, पुढे कर्करोगाचीही भीती असते.

"पाणीपुरी जाते का रे तोंडात?"

"फोडून खातो," तो म्हणाला. मग बराच वेळ बोटांकडे पाहत राहिला. सोळा वर्षांचं पोर. त्याला जिल्हा रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आता तिथे जातो. बारक्याची आणि त्याची दोस्ती झाली नाही. एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, तेवढं पुरे.

परवा बारक्याच्या आईचा फोन आला. आवाजात काळजी.

"मॅडम, काल याच्या बाबानं खर्रा आनाले सांगतलं, तं हा म्हनते, तुमीच जा. बाप लय तापला. आता मी का करू?"

"मारलं का?"

"नाई. चप्पल घालून सोताच गेला. पन थयथयाट केला."

"त्यांना शनिवारी माझ्याकडे पाठवा," मी म्हटलं. "आणि येताना खिशात पन्नी असली तरी चालेल म्हणावं."