दर सहा महिन्यांनी फॉर्मॅट? अजिबात गरज नाही

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २०१७ साली घेतलेला असेंबल्ड पीसी, सातव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून हाताशी यायला दहा मिनिटं, आणि क्रोममध्ये चार टॅब उघडल्या की माउससुद्धा अडखळतो. दुकानदार म्हणतो, दर सहा महिन्यांनी फॉर्मॅट मारावंच लागतं, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायची. तुम्ही विचारताय, घरच्या घरी नियमित काय केलं तर ही वेळ येणार नाही.

फॉर्मॅट मारल्यावर मशीन पळतं हे खरं आहे. तेव्हा त्यात काहीच नसतं, म्हणून पळतं. मग आपण ब्राउझर टाकतो, प्रिंटरची सीडी घालतो, टॅली येतं, मुलांचे गेम येतात, आणि दोन महिन्यांत गाडी मूळपदावर. दर वेळी पाचशे-सातशे रुपये आणि एखादा विसरलेला फोटोंचा फोल्डर गमवायचा, वर दुकानदाराने क्रॅक्ड विंडोज टाकून ती चालावी म्हणून डिफेंडर, म्हणजे विंडोजमधलाच अँटिव्हायरस, बंद करून ठेवलेला, हे वेगळंच. तेव्हा फॉर्मॅट विसरा आणि आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा.

मशीन सुरू होऊन घरघर करत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खाली ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा. सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून डिस्कचा रकाना १०० टक्क्यांना चिकटलेला असणार. आता ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन डावीकडे डिस्क निवडा आणि खालचा रीड स्पीड वाचा. बहुधा सेकंदाला एक-दोन एमबी. शेजारी रिस्पॉन्स टाइम शेकड्यांत मिलिसेकंद. म्हणजे डिस्क शंभर टक्के राबतेय आणि हाती पडतंय ते एवढंसं.

याचं कारण यांत्रिक आहे. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. डिस्कचं हेड हव्या त्या ठिकाणी न्यायचं आणि ती जागा फिरून खाली येईपर्यंत थांबायचं, यात दर खेपेला दहा-बारा मिलिसेकंद जातात. इकडेतिकडे विखुरलेल्या फाइली वाचायच्या असतील तर सेकंदाला शंभरएक वाचनं झाली तरी पुष्कळ. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाइली मागते. त्याच वेळी अँटिव्हायरस, अपडेट आणि सर्च इंडेक्सिंगही रांगेत घुसलेले असतात. त्यात रॅम ४ जीबी. ती भरली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकते, म्हणजे पुन्हा त्याच मरतुकड्या डिस्कच्या डोक्यावर. माउस अडखळतो तो इथे.

ही गोष्ट कुठल्याही साफसफाईने सुधारणार नाही, हे स्पष्टच सांगतो. साटा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, घाला, २४० किंवा ५०० जीबीची. तिच्यात फिरणारं काही नसल्यामुळे तेच विखुरलेलं वाचन ती सेकंदाला हजारोंच्या हिशेबात करते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलंत तर ‘स्लॉट्स युज्ड’ दिसेल. तिथे दोनपैकी एक असं असेल तर आहे त्याच जातीची आणखी ४ जीबीची पट्टी लावा. बहुतेक सातव्या पिढीच्या बोर्डांवर डीडीआर-४ असते, तरी जुनी पट्टी काढून दुकानात दाखवलेली बरी. एवढ्यावर तुमचं मशीन आणखी काही वर्षं सुखाने चालेल. आय-थ्री बिचारा कधीच दोषी नव्हता.

एसएसडी येईपर्यंत एक काम मात्र आजच करा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते हार्ड डिस्कची तब्येत दाखवतं. वर निळ्या चौकोनात ‘गुड’ असेल तर ठीक. पिवळा ‘कॉशन’ असेल आणि ‘रीॲलोकेटेड सेक्टर्स’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ यांच्यापुढे शून्याखेरीज काही दिसत असेल, तर संथपणाची चिंता सोडा आणि फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा ताबडतोब दुसरीकडे उतरवा. इतक्या वर्षांच्या डिस्कवर भरवसा ठेवू नये.

आता नियमित देखभालीकडे येतो. आधी काय बंद करायचं ते.

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश, पुन्हा रिफ्रेश. आपल्याकडे ही सवय इतकी मुरलेली आहे की लोक विचार करतानाही रिफ्रेश मारतात. त्याने फक्त आयकॉन पुन्हा रंगवले जातात, वेगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. रनमध्ये जाऊन टेम्प, मग पर्सेंट-टेम्प-पर्सेंट, मग प्रीफेच, असं तीन ठिकाणचं सगळं सिलेक्ट करून उडवणं हा दुसरा विधी. टेम्प उडवल्याने जागा सुटते, वेग नाही. आणि प्रीफेच उडवणं उलट तोट्याचं, कारण कुठला प्रोग्रॅम उघडताना कुठल्या फाइली लागतात याची टिपणं विंडोजने तिथे ठेवलेली असतात. ती गेली की पुढच्या वेळी प्रोग्रॅम आणखी हळू उघडतात आणि टिपणं पुन्हा तयार होतात.

रजिस्ट्री क्लीनर, रॅम बूस्टर, ‘वन क्लिक’ ऑप्टिमायझर यांना घरात घेऊ नका. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची वही. तिच्यातल्या चार निरुपयोगी नोंदी काढून मशीन पळत नाही, चुकीची एक नोंद गेली तर मात्र बसतं. शिवाय अशा सॉफ्टवेअरला आपण पूर्ण ॲडमिनचे हक्क देतो. २०१७ साली सीक्लीनर या लोकप्रिय साधनाच्या ५.३३ आवृत्तीतच हल्लेखोरांनी घुसवलेला मालवेअर सापडला होता, आणि ती अधिकृत साइटवरूनच सुमारे २२.७ लाख जणांकडे पोचली होती. सफाईवालाच घरफोड्यांना आत घेऊन आला, असा प्रकार.

एसएसडी बसवल्यावर डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइलींचे तुकडे सलग लावणं, करू नका. विंडोज तिला ओळखते आणि ठरलेल्या वेळी आपणहून ट्रिम चालवते, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं तिला कळवते, तुम्ही मध्ये पडायची गरज नाही.

मग उरतं काय? खरं तर थोडंच.

रीस्टार्ट. इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ लिहिलेला असतो. तुम्ही रोज रात्री शट डाउन करत असाल तरी तिथे पंधरा-वीस दिवस दिसले तर दचकू नका. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. त्यामुळे आतली साचलेली घाण आणि अडकलेले ड्रायव्हरही तसेच राहतात. ‘रीस्टार्ट’ केलं तरच सगळं मुळापासून सुरू होतं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. किंवा कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय करायचं ते ठरवायच्या पानावर जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढा. एसएसडी असेल तर पडलेला फरक जाणवणारही नाही.

स्टार्टअपची यादी महिन्यातून एकदा बघा, तीही टास्क मॅनेजरमध्येच मिळते. टोरंट, दोन-तीन कंपन्यांचे अपडेटर, केव्हाच विकून टाकलेल्या फोनचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचा मदतनीस, हे सगळे बिनदिक्कत डिसेबल करा. डिसेबल म्हणजे काढून टाकणं नव्हे, हवं तेव्हा उघडता येतं. विंडोज सिक्युरिटी आणि ऑडिओच्या नोंदींना हात लावू नका. मराठी टायपिंगसाठी एखादं जुनं टूल स्टार्टअपला बसलेलं असेल तर तेही जाऊ द्या. २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड अंगचाच आहे, भाषेच्या सेटिंगमधून फक्त जोडायचा.

जागा. सी ड्राइव्ह कंठाशी आला की विंडोज कुंथते आणि एसएसडीही मंदावते, म्हणून पंधरा-वीस टक्के मोकळी राहू द्या. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, तिथे स्टोरेज सेन्स चालू करून सोडून द्या. हाताने टेम्पररी फाइली काढणार असाल तर एक सावधगिरी: त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ नावाचीही एक चौकट असते. तिच्यावर टिक असताना बटण दाबलंत तर लाइट बिलं, बँकेची स्टेटमेंट्स, शाळेचे दाखले, सगळं जातं. तिथून लोक रडत येतात.

अँटिव्हायरस एकच. विंडोजमधला डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. फुकट मिळालेल्या दुसऱ्याची मुदत संपली असेल तर तो काढून टाका. स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या पीसीत पाच व्हायरस’ असं येत असेल तर तो बहुधा व्हायरस नसतो. कुणीतरी एखाद्या साइटवर ‘अलाऊ’ दाबलेलं असतं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी काढा आणि ओळखीची नसलेली प्रत्येक साइट उडवा. क्रोमला जोडलेली एक्स्टेन्शनही तपासा, कूपन शोधणारी आणि पीडीएफ बदलून देणारी तर नकोतच. क्रोमचं मेमरी सेव्हर चालू ठेवा, ते न वापरलेल्या टॅबनी अडवलेली रॅम सोडवतं.

धुळीवर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळी सॉफ्टवेअरची चर्चा झाली तरी कॅबिनेट उघडून कुणी बघत नाही. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. सुरुवातीला ठीक आणि अर्ध्या तासाने मंद, पंख्याचा आवाज मात्र वाढलेला, असं होत असेल तर संशय धुळीवर घ्या. आपल्याकडे कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबायची पद्धत, त्यावर आईने किंवा आजीने विणलेलं कव्हर, आणि शेजारी देवघर असेल तर उदबत्तीचा धूर. त्या धुराने आणि फोडणीच्या वाफेने धूळ चिकट होते, साध्या फुंकरीने निघत नाही. कोकणात आणि किनाऱ्यावर दमट खारी हवा वरून.

दिवाळीची सफाई काढताय ना, त्यातच हेही उरका. पिन काढा, मग पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला चार्ज जाईल. कॅबिनेट गॅलरीत न्या, घरात उघडलंत तर बोलणी खाल. डावीकडचं झाकण काढलं की प्रोसेसरवरचा पंखा दिसेल. पंख्याच्या खाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, फेल्टसारखा जाड थर बसलेला असतो. वरून पंखा स्वच्छ दिसला तरी तो थर असू शकतो, टॉर्च मारून बघा. ब्लोअरने हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड बोर्डाला लावू नका, स्थिर विजेची भीती असते. मऊ कोरडा रंगाचा ब्रश चालतो. पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही, बाहेरूनच हवा मारा. इतक्या वर्षांत थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा मधला लेप, वाळलेली असणार. कूलर काढायचा धीर होत असेल तर जुनी पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा, नसेल तर हे एवढं काम दुकानदाराला द्या, फॉर्मॅटपेक्षा हे पैसे सत्कारणी लागतील.

झाकण लावून सुरू केल्यावर डिस्प्लेच आला नाही आणि बीप वाजू लागला तर घाबरू नका. रॅमची पट्टी हलली असेल. ती काढून सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा, भुगा झटका आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवा. घड्याळ दर वेळी मागे जात असेल आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणत असेल, तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदला. सेल बदलून तारीख बरोबर लावली की दोन्ही तक्रारी एकदम मिटतात.

एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क फेकू नका. ‘गुड’ असेल तर तिच्यावर बॅकअप ठेवा, पण तो एकमेव बॅकअप नको. फोटोंची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर हवीच. लाइट सारखी जाणाऱ्या भागात असाल तर यूपीएसची बॅटरीही दोन-तीन वर्षांनी बदला. लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइली बिघडतात, आणि मग लोक पुन्हा फॉर्मॅटवाल्याकडे जातात.

राहिला विंडोज १० चा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण यायचाच आहे. तिचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्यासाठी पैसेही लागत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा पर्याय दिसतो. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे, म्हणजे तुमचा आय-थ्री थोडक्यात हुकला. आडवाटेने टाकून देणारे भेटतील, पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, त्यामुळे बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. मशीन फक्त ब्राउझिंग, यूट्यूब आणि लिखाणासाठी असेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, काहीही न पुसता बघता येतं. प्रिंटर चालतो का आणि मराठी नीट टाइप होते का, एवढं त्यात तपासा. टॅली मात्र विंडोजवरच चालतं, तेव्हा सोसायटीचे हिशेब वगैरे त्यात असतील तर निर्णय त्या हिशेबाने घ्या. एसएसडी घेताना बोर्डाचं मॉडेल इथे टाका, केबल आणि पॉवर कनेक्टर आहेत का ते सांगतो.