टांगलेलं नेपथ्य ठरलेल्या कोनात फिरवायचं तर कोणती मोटर घ्यावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला: २ मीटर रुंद, साधारण १० किलोचा फ्लॅट (देखाव्याची सपाट चौकट) वरून टांगलेला आहे. प्रयोग चालू असताना तो ३ सेकंदांत बरोबर ९० अंश फिरून थांबायला हवा आणि पुढच्या प्रवेशात परत जागेवर यायला हवा. मिरर बॉलची मोटर लावून पाहिली, पण ती नुसती फिरतच राहते. तशी ती राहणारच. तिला एकच वेग माहीत असतो, कुठे थांबायचं हे सांगायची सोय तिच्यात नाही.

मोटर सांगतो, पण त्याआधी टांगणी बघा, कारण नेमकेपणा बहुतेक वेळा तिथेच हरवतो. फ्लॅट एकाच तारेवर लोंबत असेल, तर मोटर फिरली की आधी तारेला पीळ बसतो आणि फ्लॅट मागाहून हलतो. मोटर थांबली तरी तो पुढे जातो, उलटा येतो, पुन्हा जातो. पीळ देऊन सोडलेल्या झोपाळ्यासारखा. मग मोटर कितीही भारी घ्या, उपयोग नाही. शक्य असेल तर वरपासून फ्लॅटपर्यंत पोकळ स्टीलचा पाइपच न्या. तारच हवी असेल, तर फिरणाऱ्या शाफ्टला वर एक आडवी दांडी पक्की करा आणि तिच्या दोन टोकांपासून दोन तारा खाली सोडा. तारांमधलं अंतर दुप्पट केलं की पिळाला होणारा विरोध चौपट होतो. तारा लांबवल्या की तो कमी होतो, म्हणून त्या आखूड ठेवा.

दुसरं म्हणजे वजन. ते मोटरच्या शाफ्टवर अजिबात येऊ देऊ नका. वजन पेलायचं काम थ्रस्ट बेअरिंगचं (शाफ्टच्या दिशेने येणारा भार घेऊन फिरू देणारं बेअरिंग), मोटरने फक्त फिरवायचं. मला स्वतःला मोटर बाजूला बसवून टायमिंग बेल्टने (न घसरणाऱ्या दातेरी पट्ट्याने) शाफ्ट फिरवणं आवडतं. आवाज कमी होतो आणि मोटर बदलायची वेळ आली तर फ्लॅट उतरवावा लागत नाही.

आता हिशोब. मधोमध टांगलेल्या अशा फ्लॅटचं जडत्व आघूर्ण (फिरायला होणारा त्याचा विरोध) सुमारे ३.३ किलो-मीटर वर्ग येतं. निम्मा वेळ वेग वाढवण्यात आणि निम्मा थांबण्यात गेला, तर सुमारे २.३ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) लागतो. घर्षण वगैरे धरून ५ समजा. सर्वाधिक वेग भरतो मिनिटाला १० फेरे. म्हणजे काम हळू चालीचं आहे, पण जडत्व मोठं आहे. स्टेपर (ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपनी, फिरणारी मोटर) थेट जोडली तर ती गचके देईल आणि स्टेप चुकवेल. मध्ये ५०:१ गिअरबॉक्स घाला, म्हणजे मोटरच्या ५० फेऱ्यांत शाफ्टचा एक. मोटरला जाणवणारं जडत्व ५० च्या वर्गाने, म्हणजे २५०० पटींनी कमी होतं. मोटरकडून जेमतेम ०.१ न्यूटन-मीटर लागतो, ५०० आरपीएमला. नेमा २३ या प्रमाणित मापाची क्लोज्ड-लूप स्टेपर (स्वतःची जागा सेन्सरने तपासत राहणारी) हे आरामात करते. साधी स्टेपर स्वस्त पडते, पण तिची एखादी स्टेप चुकली तर तिला ते कळतही नाही, आणि प्रयोगात तुम्हाला दुसरी संधी नसते.

स्टेपरची एक स्टेप सहसा १.८ अंशांची असते. ५०:१ नंतर ती ०.०३६ अंशांवर येते. फ्लॅटच्या कडेला हे जेमतेम ०.६ मिमी. खरी अडचण गिअरच्या बॅकलॅशची, म्हणजे दात्यांमधल्या ढिलाईची. पाव अंश बॅकलॅश असला तरी कड ४ मिमीहून जास्त डुलते. म्हणून जास्तीचे पैसे गिअरबॉक्सवर घाला, मोटरवर नको. होमिंगचा (मूळ जागा ओळखायचा) सेन्सरही मोटरवर न लावता शेवटच्या शाफ्टवर लावा. वेग एस-कर्व्हने, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी हळुवारपणे, चढवा-उतरवा, त्याने फ्लॅट झोकांड्या खात नाही. शांत प्रवेशात मोटरची गुणगुण पहिल्या रांगेपर्यंत पोचते. मायक्रोस्टेपिंगचा (एका स्टेपचे बारीक भाग करून मोटर चालवणारा) चांगला ड्रायव्हर आणि मोटरखाली रबर, दोन्ही हवेत.

लाइटच्या बोर्डावरून डीएमएक्सने (रंगमंचाचे दिवे चालवायच्या संदेश-पद्धतीने) हे चालवायचा मोह होईल. टाळा. एका चॅनेलमध्ये २५६ पायऱ्याच असतात, म्हणजे पूर्ण फेरा त्यांत वाटला तर कोन जवळजवळ १.४ अंशांच्या टप्प्यांनी बदलेल. दोन चॅनेल जोडून ते सुटतं, पण डीएमएक्समध्ये चुकीचा संदेश ओळखायची सोय नाही, आणि खाली कलाकार उभे असतात. ठरलेले कोन कंट्रोलरमध्येच साठवा. रंगमंच स्पष्ट दिसेल अशा जागी एक माणूस बसवा आणि त्याला दाबून धरायचं बटण द्या. बोट उचललं की हालचाल थांबली पाहिजे. वीज गेली की स्टेपरची पकड सुटते, म्हणून वीज जाताच आपोआप पकडणारा ब्रेक घ्या. डोक्यावर टांगायच्या प्रत्येक सुट्या भागाची क्षमता वजनाच्या १० पट धरा. सुरक्षेची वेगळी तार पोकळ शाफ्टमधून स्विव्हलवर (मोकळ्या फिरणाऱ्या जोडावर) सोडा, नाहीतर फिरताना तीच गुंडाळली जाईल. आणि पहिली तालीम होण्याआधी ही टांगणी रिगिंगच्या जाणकाराकडून तपासून घ्या.