जेवल्याबरोबर शौचाला होते, म्हणजे अन्न पचत नाही का?

दुपारचे जेवण झाल्यावर अर्ध्या तासात शौचाला जावे लागते, तेव्हा खाल्लेले न पचताच बाहेर पडते आणि अंगी लागत नाही काय, असे आपण विचारले आहे. याचे उत्तर निःसंशयपणे 'नाही' असे आहे. त्या वेळी बाहेर पडतो तो बहुधा काल-परवाच्या अन्नाचा उरलेला भाग असतो.

घास अन्ननलिकेतून जठरात पोचायला जेमतेम आठ-दहा सेकंद लागतात. पुढे मात्र जठर त्याला सहजी सोडत नाही. तेथे आम्लात अन्न घुसळले जाते आणि घन कण साधारण १-२ मिलिमीटर इतके बारीक झाल्याशिवाय खालचे द्वार त्यांना सहसा पुढे जाऊ देत नाही. अमेरिकेतील विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने हे प्रत्यक्ष पाहिले. १८२२ मध्ये बंदुकीची गोळी लागून अलेक्सिस सेंट मार्टिन याच्या जठराला पडलेले छिद्र कायमचे उघडे राहिले होते. ब्यूमाँटने रेशमी दोऱ्याला मांस, शिळा पाव आणि कोबीचे तुकडे बांधून ते त्यातून आत सोडले. तासाभराने दोरा ओढून पाहिला, तर पाव आणि कोबी निम्मेच पचले होते आणि मांस जवळजवळ जसेच्या तसे होते. तेव्हा आपली भाजी-पोळी अर्ध्या तासात कोठे असेल, हे सांगायला नकोच.

भात तुलनेने लवकर पुढे सरकतो, तुपकट जेवण रेंगाळते; एरवी जठर बहुतांशी रिकामे व्हायला तीन-चार तास जातात. त्यानंतर सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मिसळून खरे पचन होते आणि जवळजवळ सगळे पोषण तेथेच रक्तात व लसिकेत शोषले जाते. मोठे आतडे दीडच मीटर लांब असले, तरी सर्वांत जास्त वेळ, बहुधा एक दिवस किंवा त्याहूनही अधिक, तेथेच जातो.

मग लगेच भावना का होते? अन्नाने जठर ताणले गेले, की मज्जातंतू आणि संप्रेरके यांच्याद्वारे मोठ्या आतड्याला संदेश जातो, ते आकुंचन पावते आणि तेथे आधीच साठलेला मळ पुढे ढकलला जातो. ही प्रतिक्षिप्त क्रिया निरोगी माणसात असतेच, फक्त काहींच्यात ती अधिक तीव्र असते. तान्ही बाळे दूध पिता पिता शी करतात तीही याचमुळे.

खात्री करायची असेल, तर एकदा मक्याचे कणीस खाऊन वेळ लिहून ठेवावी. दाण्याच्या सालीतील सेल्युलोज आपल्याला पचत नसल्याने ती शौचात कधी दिसते ते कळते. मात्र शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा शौचासाठी रात्री झोपेतून उठावे लागत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे, ही कळकळीची विनंती.