स्वीडनचे जनुकशास्त्रज्ञ नील्स रिमन यांनी माशांच्या संवर्धनाला नेमकं काय दिलं?

एकाच तळ्यातले, एकाच जातीचे मासेही जनुकीयदृष्ट्या वेगळे असू शकतात, हे त्यांनी दाखवलं. स्वीडनमधल्या लहान तळ्यांतल्या ब्राउन ट्राउट या माशांमध्ये एका विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाची दोन रूपं आढळली, पण दोन्ही रूपं असलेला मासा जवळपास सापडेचना. म्हणजे दोन गट आपापल्यातच वीण घालत होते. हा शोधनिबंध 1979चा. माझ्या मते त्याहून मोलाचं काम 1991चं, जनुकशास्त्रज्ञ लिंडा लायक्रे यांच्यासोबतचं: हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) मोजक्याच नर-माद्यांची पिल्लं वाढवून नदीत सोडली तर मासे वाढतात, पण पुढच्या पिढीत त्या मोजक्यांचीच संतती जास्त होऊन जनुकीय विविधता घटू शकते. अर्थात, जात अगदी नामशेष व्हायला आली असेल तर हॅचरीचा धोका पत्करावाच लागतो.