निसर्गाशी जुळवून राहणारी वस्ती उभारायची तर सुरुवात कुठून करावी?

पाण्यापासून. घरांचे नकाशे काढण्याआधी एक पूर्ण पावसाळा जमीन नुसती बघा: पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं, माती कुठे धुपते. घरं उंचवट्यावर घ्या. पाणी जमिनीत मुरवण्यासाठी चर उताराला आडवे, अगदी समपातळीत खणा आणि निघालेल्या मातीचा खालच्या कडेला बांध घाला. चर थोडा जरी तिरका झाला तर पाणी एका टोकाला गोळा होऊन बांध फोडतं. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवा: १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर, त्यातले ८० हाती लागतील असं धरा. पहिल्या सरीचं पाणी टाकीत नको, त्यात धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. आंघोळीचं सांडपाणी २४ तासांच्या आत झाडांना द्या, साठवलं की सडतं. आणि टाकी साफ करायची पाळी कोणाची, हे आधीच लिहून ठेवा. सामायिक व्यवस्था बहुतेकदा इथेच मोडते.